एकाच्या मागे सहा

गेल्या अंकात लढाऊ विमानांच्या ऑनलाइन खेळांवर मी चार ओळी लिहिल्या आणि टपालाचा रंगच बदलला. जॉयस्टिक कुठली घ्यावी, ग्राफिक्स कार्ड चालेल का, हे नेहमीचे प्रश्न मागे पडले. बहुतेक पत्रांत एकच दुखणं आहे: झुंडीनं येऊन एकट्याला पाडणं. म्हणून या वेळची सगळी जागा त्यालाच देतो.

काका, मी अकरावीला आहे. अभ्यास झाला की रात्री तासभर खेळतो. स्पिटफायर घेऊन तीन हजार मीटरवर पोचतो न पोचतो तोच पाच-सहा जण अंगावर येतात. एकही गोळी न झाडता पडतो. मित्र म्हणतात, "युद्धात असंच असतं. सेखोंसमोरही सहा पाकिस्तानी सेबर विमानं होती. रडू नकोस." ही चीटिंग नाही का? मी काय करू?
*– एक वाचक, इचलकरंजी*

चीटिंग नाही रे, नियमात बसतं ते. पण नियमात बसतं म्हणून चांगलं असतं असं नाही. आणि तुला वाईट वाटलं, त्यात रडेपणा कसला?

आधी सेखोंचं बोलू. 14 डिसेंबर 1971 ला श्रीनगरच्या धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों नॅट हे छोटं लढाऊ विमान घेऊन उडाले, सहा सेबरशी भिडले आणि परत आले नाहीत. मी ओझरला कारखान्यात मिगच्या पंखांवर रिव्हेट मारायचो, तेव्हा आमच्या शॉपमधली जुनी माणसं हे नाव घेताना आवाज खाली आणत. हे नाव एखाद्या मुलाला गप्प बसवायला वापरू नये, असं तुझ्या मित्रांना माझ्यातर्फे सांग. सेखोंच्या पायाखाली त्यांचा विमानतळ जळत होता. तू दिवसभराच्या कॉलेजनंतर खेळायला बसलायस. युद्धात समोरचा पुन्हा दिसू नये असंच वाटतं. खेळात समोरचा उद्या आलाच नाही, तर खेळायचं कोणाशी?

आता झुंड का जमते ते बघ, म्हणजे तिच्यावर उपाय कळेल. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रेडरिक लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं एक हिशेब मांडला. सारखीच ताकद असलेले दोन गट समोरासमोर आले आणि प्रत्येकाला प्रत्येकावर नेम धरता येत असेल, तर गटाचं बळ संख्येच्या वर्गाप्रमाणे वाढतं. दहा विरुद्ध पाच घे. दहाचा वर्ग 100, पाचाचा 25, वजाबाकी 75. त्याचं वर्गमूळ साडेआठच्या जरा वर. म्हणजे पाचही पडेपर्यंत दहांतला जेमतेम एखाद-दुसराच गेलेला असतो. दुप्पट माणसं आणली की चौपट फायदा. हे गणित कुणी शिकवलेलं नसलं तरी दोन दिवसांत प्रत्येकाच्या अंगवळणी पडतं, म्हणून माणसं घोळक्यात शिरतात. ती दुष्ट असतात असं नाही.

पण या हिशेबात एक अट आहे, ती नीट वाच: प्रत्येकाला नेम धरता आला पाहिजे. पळणाऱ्या एका विमानाच्या शेपटीमागे जागा असते एकाची, फार तर दोघांची. बाकीचे चौघं काय करतात? एकमेकांच्या आड येतात, आपल्याच माणसाच्या पंखात गोळ्या घालतात, एकमेकांवर आदळतात. हे पहिल्या महायुद्धातल्या वैमानिकांनाही कळलं होतं. जर्मनीच्या ओस्वाल्ड बोल्केनं 1916 मध्ये हवाई लढाईचे नियम घालून दिले, त्यातला शेवटचा असा: हल्ला चार किंवा सहाच्या गटानं करा, पण झुंज एकास एक अशी फुटली की अनेकांनी एकाच्या मागे लागू नका. त्याच वर्षी 28 ऑक्टोबरला बोल्के आणि त्याचा मित्र एर्विन ब्योमे एकाच ब्रिटिश विमानाच्या मागे लागले. ब्योमेच्या विमानाचं चाक बोल्केच्या वरच्या पंखाला घासलं आणि बोल्के गेला. 25 वर्षांचा होता, 40 विमानं पाडलेली होती. ब्रिटिश विमान सहीसलामत निघून गेलं. मी हे नव्या मुलांना दर वेळी सांगतो, कारण ज्याने नियम लिहिला त्यालाही ऐन घाईत तो पाळता आला नाही.

आता तुझं काम. उडण्याआधी नकाशा बघ. लढाई ज्या विमानतळाच्या डोक्यावर चाललीय तिथून उडू नकोस, एक सोडून मागचा घे. लढाईकडे तोंड करून चढू नकोस, पाठ करून चढ आणि पुरेशी उंची झाली की वळ. घोळका तुझ्यापेक्षा वर दिसला तर लांब असतानाच फिर. जवळ आल्यावर फिरलास तर उपयोग नाही, त्यांच्याकडे उंची आहे म्हणजे वेग त्यांच्याच खिशात आहे. स्पिटफायर छान वळतं म्हणून वळत बसण्याचा मोह होतो, तो आवर. एकाला चुकवताना तू वेग घालवतोस आणि तो वेग दुसऱ्याच्या कामी येतो. सूर मारून आपल्या विमानविरोधी तोफांकडे ये, मागे येणाऱ्यांना त्या बघून घेतील. हल्ला करायचाच तर घोळक्याच्या कडेला मागे पडलेला एकजण शोध, एकदाच झडप घाल आणि वळून न बघता बाहेर पड. गोळी लागली नाही तरी बाहेर पड. आणि पडलास तर त्याच धावपट्टीवरून रागारागानं लगेच उडू नकोस. सगळ्यात जास्त मुलं तिथेच मरतात.

माझा मुलगा नववीत आहे. कानाला हेडफोन लावून "एकटा आहे, सगळे या!" असं ओरडतो. पाडलं की सगळे हसतात. हा बाहेरही असाच वागायला लागेल का, अशी धास्ती वाटते. खेळ बंद करू का?
*– एक आई, डोंबिवली*

ताई, बाहेर कसा वागतो हे खेळावरून ठरवू नका. वर्गशिक्षकांना विचारा, सोसायटीच्या मैदानावर बघा. मित्रांना हाक मारणं, जागा सांगणं, एकत्र जाणं, यात वाईट काही नाही. सांघिक खेळाचा तो गाभा आहे. पण त्याचं हसणं तुम्हाला खटकलं, ते बरोबर खटकलं.

खेळ लगेच बंद करू नका. एका संध्याकाळी त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसा. काही बोलू नका. विमान पडलं की एवढंच विचारा, "तुम्ही किती होतात? आणि तो?" उत्तर त्याला स्वतःच्या तोंडानं द्यायला लागू द्या. मग हा माझा निरोप द्या: पुढच्या वेळी "सगळे या" ऐवजी "एकजण या, दोघं पुरेत" असं म्हणून बघ. जमलं तर तो सोबत्यांमध्ये जास्त चांगला वैमानिक ठरेल, हे मी खात्रीनं सांगतो.

काका, मी मूळचा साताऱ्याचा, नोकरीनिमित्त डॅलसला असतो. एसेस हाय खेळतो. आमच्या बाजूची संख्या वाढली की चांगली विमानं बंद होतात. मला नियम पटतो, पण स्क्वॉडमधली मंडळी दर वेळी कुरकुरतात. त्यांना कसं समजवावं?
*– एक वाचक, टेक्सास*

तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं, कारण तुम्ही जिंकणाऱ्या बाजूला असून लिहिलंय. हरणाऱ्यांची पत्रं भरपूर येतात.

वाचकांसाठी थोडं सांगतो. एसेस हाय हा जुना खेळ, बनवणारे तुमच्या डॅलसशेजारच्या ग्रेपव्हाइनचे. त्यात तीन देश आहेत आणि त्यांची नावं बुद्धिबळातली, बिशप, नाइट आणि रूक. आपल्या भाषेत उंट, घोडा आणि हत्ती. विमानतळ जिंकायचा तर शेजारचं गाव पाडून सी-47 मधून दहा सैनिक नकाशाच्या खोलीपर्यंत पोचवावे लागतात. प्रत्येक विमानाला एक आकडा दिलेला असतो, त्याला खेळाडू ईएनवाय म्हणतात. आकडा लहान म्हणजे विमान दमदार. एखाद्या देशाची माणसं फार झाली की त्या देशाला लहान आकड्याची विमानं मिळेनाशी होतात. संख्या जितकी जास्त, तितकी जास्त विमानं बंद. उलट जुनाट विमानानं भारी विमान पाडलं की गुण जास्त मिळतात, आणि जेट वगैरे हवं असेल तर ते गुण खर्चूनच मिळतं.

हा नियम मला आवडतो तो एका कारणासाठी: तो कुणालाच 'येऊ नका' म्हणत नाही. घोळक्यात या, पण मग हरिकेनसारखं जुनं विमान घेऊन या. आपल्याच माणसाला गोळी लागली की झाडणाऱ्याच्याच विमानाला इजा होते, हाही त्याच खेळातला नियम. सहाजण एकाच्या मागे लागून अंदाधुंद गोळ्या झाडू लागले की त्याची किंमत त्यांनाच चुकवावी लागते.

तुमच्या मंडळींना कबड्डीचं उदाहरण द्या. चढाईला गेलेला गडी एकटा असतो आणि समोर सात, म्हणून ती झुंडशाही होते का? नाही, कारण नियम त्याच्या बाजूनं उभे राहतात. समोर सहा किंवा सात गडी असले तरच बोनस रेषेचा गुण मिळतो, कमी असले तर नाही. म्हणजे गर्दी जास्त तेव्हा एकट्याला जास्तीची संधी. आणि बचाव करणारे तीन किंवा त्याहून कमी उरले असताना त्यांनी पकड केली तर सुपर टॅकल, एक गुण जादा. हा दयेचा भाग नाही, सामना शेवटपर्यंत सामना राहावा यासाठी केलेली सोय आहे. मैदानाभोवती बसलेल्या कुणालाही ती अन्यायाची वाटत नाही. मग विमानांच्या बाबतीतच का वाटावी?

अजून एक सांगा. 1940 मध्ये इंग्लंडवर जर्मन बॉम्बफेकी चालू असताना ब्रिटिशांमध्येच यावरून मोठा वाद झाला. हवाई दलाचे अधिकारी कीथ पार्क लहान तुकड्या पटापट वर पाठवायचे. त्याच दलातल्या ली-मॅलरी आणि डग्लस बेडर यांना तीन ते पाच स्क्वाड्रनचा मोठा जथा हवा होता. जथा जमवायला वेळ लागायचा आणि अनेकदा तो पोचेपर्यंत बॉम्ब टाकून झालेले असायचे. इतिहासकार अजून भांडतात, पण माझं मत पार्कच्या बाजूचं आहे. तुमचे वीस जण एका रिकाम्या विमानतळावर चक्कर मारत थांबलेले असतात, तेव्हा त्यातल्या किती जणांनी त्या अर्ध्या तासात एक तरी झुंज केली, हे विचारून बघा.

आणि शेवटचा उपाय. ज्या रात्री विमानं बंद झालेली दिसतील, त्या रात्री स्क्वॉडनं मिळून कमी संख्येच्या देशात जावं. हवं ते विमान मिळेल, गुण जास्त मिळतील आणि शत्रूची वाण पडणार नाही. तुम्ही पहिल्यांदा एकटे जा. दोन रात्रींनी विचारतील, तिकडे कसं आहे म्हणून.

आम्ही कॉलेजची मुलं मिळून आयएल-2 या लढाऊ विमानांच्या खेळाचा सर्व्हर चालवतो. पंधरा-वीस जण येतात. गँगिंग, म्हणजे झुंडीनं एकट्याला पाडणं, बंद करण्यासाठी 'एकावर दोनपेक्षा जास्त नकोत, नाहीतर बॅन' असा नियम करावा का?
*– तीन मित्र, पुणे*

असा नियम करू नका. मी केला होता, म्हणून सांगतो.

मीही दर शनिवारी रात्री साडेनऊला सर्व्हर उघडतो, बारा-चौदा जण असतो. दोन वर्षांपूर्वी एक नवा मुलगा आला, हरिकेन घेऊन. नदीवरून अगदी खालून चालला होता. आम्ही पाच जण त्याच्या मागे गेलो. चौथा मी. मला नेम धरायला जागाच नव्हती, तरी मी मागे लागलो होतो, कारण सगळे लागले होते. मागच्याच्या गोळ्या माझ्या डाव्या पंखात घुसल्या तरी मी वळलो नाही. तो पडला. दुसऱ्यांदा उडाला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा धावपट्टीवर त्याचा पंखा नुकता फिरायला लागला होता, तिथेच कुणीतरी त्याला जाळला. त्यानं चॅटवर लिहिलं, "मी जेवायला जातो." तो परत आला नाही. सर्व्हरच्या नोंदीत त्याचं टोपणनाव अजून आहे. दर शनिवारी यादी उघडली की मी आधी तेच शोधतो.

त्या रागात मी 'दोनपेक्षा जास्त नकोत' हा नियम लावला. काय झालं? दर शनिवारी भांडणं. तिसरा म्हणायचा, मला दिसलंच नाही. चौथा म्हणायचा, मी वेगळ्याच्या मागे होतो, हा मध्ये आला. मी तास-तास रेकॉर्डिंग बघत न्यायाधीश होऊन बसलो. महिन्याभरात नियम काढला आणि नकाशा बदलायला घेतला.

झुंड एका ठिकाणी जमते कारण जमण्यासारखी जागा एकच असते. म्हणून लक्ष्यं तीन ठेवा, एकमेकांपासून लांब: पूल, कोठार, रेल्वेचं यार्ड. एकाच वेळी तिन्ही राखायची झाली की दहाची टोळी आपोआप तीन-तीनची होते. प्रत्येक बाजूला दोन विमानतळ द्या आणि दुसरा इतका मागे ठेवा की नव्या मुलाला शांतपणे उंची गाठता येईल. धावपट्टीभोवती तोफा दाट लावा, कंजुषी करू नका. धावपट्टीवरच्या विमानाला जाळण्यात काही शौर्य नाही आणि तिथे तोफेनं मार खाल्ला की शब्दानं सांगावं लागत नाही. विमानतळावर कुठल्या जातीची किती विमानं असावीत हे आयएल-2 मध्ये ठरवता येतं. सगळ्यात भारी विमानं मोजकीच ठेवा. ती संपली की पुढच्यानं जुनं घ्यावं.

संख्येचा फरक दोनाच्या वर गेला की नवा येणारा कमी बाजूला जाईल, एवढं मात्र सक्तीचं ठेवा. आणि तुम्ही तिघं, सर्व्हर तुमचा आहे म्हणून, नेहमी कमी बाजूला उडा. यजमानानं पंगतीला शेवटी बसायचं असतं.

एक सवय लावा, नियम नको. आमच्याकडे रेडिओवर आता म्हणतात, "शेपटीला दोघं आहेत, मी वर जातो." हे पहिल्यांदा आमच्यातल्या सगळ्यात चांगल्या वैमानिकानं म्हटलं, म्हणून इतरांनी उचललं. मी म्हटलं असतं तर उपदेश वाटला असता. वर जाणारा फुकट जात नाही. तो उंचीवर राहतो, दुसरा शत्रू येतोय का बघतो. वरून बघणारा एकजण असला की खालचे दोघं निर्धास्त लढतात. आणि पळणाऱ्यालाही दोघांशी झुंजायला मिळतं. सहाशी झुंज होतच नाही.

चॅटवर टोळक्याला शिव्या देऊ नका, देऊ देऊ नका. शिव्यांनी टोळकं घट्ट होतं.

आम्ही दोघं भाऊ, नेहमी एकत्र उडतो. समोर चार-पाच आले की एकमेकांना सोडून पळतो आणि दोघंही पडतो. दोघांनी काय करावं?
*– जळगाव*

काडेपेटी घ्या आणि जेवणाच्या टेबलावर बसा. चेष्टा नाही, अमेरिकी नौदलाच्या जॉन थॅचनं 1941 मध्ये हेच केलं होतं. जपानी झीरो विमान त्याच्या वाइल्डकॅट विमानापेक्षा चपळ, म्हणून तो रात्री घरी काड्या मांडून उपाय शोधत बसायचा. सापडलेली युक्ती त्यानं जून 1942 मध्ये मिडवेच्या लढाईत वापरली, संख्येनं कितीतरी जास्त झीरो समोर असताना.

दोन काड्या शेजारी शेजारी ठेवा, मध्ये वीतभर अंतर. ही तुमची विमानं. तिसरी काडी थोरल्याच्या मागे लावा, तो शत्रू. आता थोरल्यानं धाकट्याकडे वळायचं आणि त्याच क्षणी धाकट्यानं थोरल्याकडे. दोघं एकमेकांना छेदून जाता. थोरल्याच्या मागे लागलेला शत्रू सरळ धाकट्याच्या बंदुकीसमोर येतो. शत्रू वळला तरी बरं, नाही वळला तरी बरं. पुढे गेलात की पुन्हा अंतर ठेवून शेजारी या आणि पुन्हा तेच.

दोघांनी एकमेकांपासून लांब पळायचं नाही, एकमेकांकडे वळायचं. वळायचा इशारा ज्याच्या मागे शत्रू नाही त्यानं द्यायचा, कारण त्याला दिसतं. आधी शत्रूची एक काडी ठेवून करा, मग दोन, मग चार. हात आपोआप चालायला लागले की कम्प्युटर सुरू करा, आणि पहिले काही दिवस उंची चार हजार मीटरच्या खाली येऊ देऊ नका.